कात्रण जसंच्या तसं दे

अगं,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. चौथीच्या मुलांना पेपरातली भाषा झेपत नाही म्हणून तू रोज रात्री जागून बातम्या सोप्या करून लिहितेस, आणि मुलं तरी जांभया देतात. देणारच! बातमी त्यांच्या हातात पडतच नाही, पडतो तो तू लिहिलेला आणखी एक धडा.

बातमी लहान निवड. आठ-दहा ओळींची, पावसाची, खेळाची, एखाद्या प्राण्याची. पण तिच्यातला शब्द बदलू नकोस.

मीही सात वर्षं हेच केलं. 'निर्णय घेण्यात आला' दिसलं की खोडून 'त्यांनी ठरवलं' लिहायचे. मग एक मुलगी घरचा पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, कोणी ठरवलं ते यात लिहिलंच नाहीये." मी खोडत होते ते हेच. 'समजते', 'सांगण्यात आले'... कोणाला समजते, कोणी सांगितलं? कर्तरी-कर्मणी प्रयोग व्याकरणात पुढे येतीलच, पण लपलेला कर्ता शोधायची खोड इथे लागते. त्या सात वर्षांतल्या मुलांना ती मी लावली नाही. अजून सलतं.

मथळा कापून ठेव आणि मुलांना स्वतःचा मथळा करू दे. मथळ्यातलं क्रियापद बहुधा गळालेलं असतं. 'शाळांना उद्या सुट्टी' म्हणजे मिळाली की मिळणार, यावर वर्गात भांडण होऊ दे. मग बातमी खालून कापत जा. जागा कमी पडली तर शेवट छाटता यावा म्हणून महत्त्वाचं आधी लिहिलेलं असतं, त्यामुळे पहिला परिच्छेद उरला तरी बातमी कळते. गोष्टीचा शेवट असाच कापून बघ, मुलं ओरडतील. सारांश मला याहून सोपा कधी शिकवता आला नाही.

अवघड शब्द आला तर मागच्यापुढच्या वाक्यावरून अंदाज करू दे. चुकतील. चुकू देत, पण शब्द बदलू नकोस, किती वेळा सांगू!

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्या भिंतीवरची कात्रणं उतरवायला लावली होती. लहान मुलांना कसली बातमी, म्हणून. दुसऱ्या दिवशी मी ती पुन्हा लावली. हट्टी म्हणाले. होतेच मी हट्टी. मुलांना जमणार नाही हे आपणच ठरवायचं आणि मग वाचायलाच द्यायचं नाही, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

खून-अपघाताची पानं मात्र आधी स्वतः वाचून बाजूला काढ, ते काम तुझंच. उरलेल्यातली एक बातमी निवड आणि आज लवकर झोप. मुलांनी केलेले मथळे मला पाठव. दुरुस्त न करता.

तुझ्या
बाई