चोवीस हजार फेरे, पण हँडल कोण फिरवणार?

प्रश्न : माझ्या घरच्या छोट्या मिलिंग मशीनचा स्पिंडल (कटर धरून फिरवणारा दांडा) २५०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या, वर जात नाही. ॲल्युमिनियममध्ये ३ मिमीचे कार्बाइड कटर सारखे मोडतात. पुली बदलून वेग वाढवू, की हेडच्या बाजूला २.२ किलोवॉटचा, २४,००० आरपीएमचा वेगळा स्पिंडल बसवू? मशीन हातानेच चालवतो. हँडलच्या एका फेऱ्यात टेबल २ मिमी सरकतं.

उत्तर : पुलीला हात लावू नका. मूळ बेअरिंग आणि त्यातलं ग्रीस त्या वेगासाठी नाही; तापेल, मग बेअरिंगमधल्या क्लिअरन्सची, म्हणजे बारीक फटीची, वाट लागेल. वेगळा स्पिंडल बसवा, पण २४,००० च्या आकड्यावर भाळू नका.

तुम्ही सेकंदाला एक फेरा मारलात, तर फीड, म्हणजे टेबल सरकण्याचा वेग, झाला मिनिटाला १२० मिमी. दोन धारांचा कटर २४,००० वर फिरवलात तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.००२५ मिमी येतं. एवढ्यात चिप (धातूचा कीस) निघत नाही, कटर नुसता घासतो, तापतो आणि ॲल्युमिनियम धारेला चिकटतं. तोच कटर ६००० वर चालवा, धारेला ०.०१ मिमी मिळेल. एका धारेचा कटर लावलात तर १२,००० पर्यंतही जाता येईल. त्याच्या पुढचा वेग पॉवर फीड (मोटरने सरकणारं टेबल) किंवा सीएनसी (संगणकाने चालणारं मशीन) असेल तरच कामाचा.

कमी वेगावर पॉवरही त्याच प्रमाणात उतरते. ६००० वर जेमतेम अर्धा किलोवॉट उरतो. ३ मिमीच्या कटरला तो भरपूर झाला. मात्र शाफ्टवरच पंखा असलेला स्पिंडल अशा वेगाला नीट थंड होत नाही, म्हणून मी पाण्याने थंड होणारा घेईन. नळ्यांची कटकट असते, असू दे.

खरा घात होतो तो व्हीएफडीच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हच्या, सेटिंगमध्ये. हे स्पिंडल बहुतेक दोन पोलचे, ४०० हर्ट्झला पूर्ण व्होल्टेज घेणारे. ड्राइव्हमध्ये बेस फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ राहिली, तर पूर्ण व्होल्टेज ५० हर्ट्झलाच मिळतं आणि वाइंडिंग जळतं. आधी ४०० भरा, मोटरचा करंट भरा, बॉडीला अर्थिंग करा, मगच स्विच दाबा.

ब्रॅकेट जाड घ्या आणि कॉलेटमध्ये (कटर पकडणाऱ्या चिमट्यात) मापाचा डायल धरून स्पिंडल टेबलाशी काटकोनात आहे ना, ते दोन्ही दिशांनी तपासा. मोठा फेस कटर (रुंद पृष्ठभाग सपाट करणारा) या स्पिंडलला कधीही लावू नका. ते काम जुन्या स्पिंडलचंच.