लिस्बनचे पाच दिवस: पोर्तो गाळा, गुडघा सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघंच लिस्बनला निघालात, हातात पाच पूर्ण दिवस आहेत, त्यात पोर्तो आणि सेव्हिल बसवायचं का? तुम्ही शाकाहारी पण अंडं चालतं, मिस्टरांना सगळं चालतं, आणि त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो.

दोन्ही गाळा. पोर्तोला रेल्वेने तीन तास जायला, तीन यायला. सेव्हिल तर दुसऱ्या देशात, स्पेनमध्ये, आणि लिस्बनहून तिथे सरळ रेल्वेगाडीही नाही. आमची लेक दोन वर्षं लिस्बनला शिकत होती, त्यामुळे आम्ही नवरा-बायको चारदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला आम्ही हाच घोळ घातला होता, सहा दिवसांत तीन शहरं. त्यातलं आज काय आठवतं, तर दगडी रस्त्यावरून बॅगांच्या चाकांचा खडखडाट.

आता गुडघा, कारण तुमची सगळी आखणी त्यावरच ठरणार आहे. शहर टेकड्यांवर आहे आणि पदपथ चुनखडीच्या लहान लहान पांढऱ्या दगडांचे. वर्षानुवर्षं घासून ते गुळगुळीत झालेत. एक सर पडली की शेवाळलेल्या मोरीसारखे निसरडे. कोरे बूट नेऊ नका, वापरलेले, रबरी तळव्याचे न्या. चढापेक्षा उतार गुडघ्याला जास्त छळतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दोन फुकटच्या सोयी लक्षात ठेवा. बाइशा म्हणजे खालचा सपाट बाजारभाग. तिथल्या रुआ दुश फांकैरुश रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. वर रुआ दा मादालेनावर निघता, तिथून पुढे एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, ती किल्ल्याच्या उतारावर सोडते. दरवाजा इतका साधा आहे की पर्यटक त्यासमोरून नकाशा बघत पुढे जातात. दुसरी सोय म्हणजे बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनचे सरकते जिने. खालून आत शिरा, वर शियादूच्या चौकात बाहेर पडा. दम लागत नाही आणि तिकीटही लागत नाही.

किल्ल्याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. साओ जॉर्जचा किल्ला ११४७ मध्ये पहिल्या पोर्तुगीज राजाने मूर लोकांकडून, म्हणजे तिथल्या मुस्लिम सत्तेकडून जिंकला हे खरं, पण आजची तटबंदी बरीचशी विसाव्या शतकात पुन्हा उभी केलेली आहे. जंजिरा पाहिलेल्या माणसाला तिथले मोर आणि नदीचा देखावा एवढंच जास्तीचं मिळतं. रांग मोठी असेल तर खुशाल सोडा.

त्याऐवजी जवळच साओ व्हिसेंत द फोरा हा मठ बघा. याचं नाव यादीत खाली असतं, गर्दी कमी. ओवऱ्यांत निळ्या-पांढऱ्या फरशांवर ला फाँतेन या फ्रेंच लेखकाच्या प्राण्यांच्या गोष्टी चितारल्यात. मूळच्या जेवणघरात ब्रागांझा राजघराण्याची समाधिस्थळं आहेत, आणि त्यात कॅथरीन आहे. हो, तीच. १६६१ च्या तहात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला जिच्याबरोबर मुंबई आंदण दिली ती. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि १७०५ मध्ये लिस्बनलाच वारली. मी वसईचा, चर्चगेटच्या लोकलला लटकून तीस वर्षं नोकरी केली. त्या दगडापाशी थोडा वेळ उभा राहिलो, तर बायको म्हणाली, "चला, सात-बारा मागताय का तिच्याकडे?" गच्चीवर जायला पायऱ्या आहेत, मिस्टरांना वाटल्यास खाली फरशांपाशी बसवा. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मठामागेच जुना बाजार भरतो, त्याचं नाव फैरा दा लाद्रा. आपल्या चोरबाजाराचाच भाऊ.

अठ्ठावीस नंबरची ट्राम मठावरून जाते. फोटोत छान दिसते ती ट्राम, आत मात्र विरार लोकल आहे आणि पाकीटमारही तितकेच हुशार. मी दुसऱ्या खेपेला पाकीट गमावलं, तेही पुढच्या खिशातलं. बसायचंच असेल तर सकाळी साडेआठच्या आत दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीकच्या दफनभूमीपाशी चढा, खिडकी मिळते. नाहीतर बारा नंबरची ट्राम अल्फामा या किल्ल्याखालच्या जुन्या वस्तीला छोटा वळसा घालते, तीच पुरे.

बेलें या शहराच्या नदीकाठच्या भागाला एक सकाळ द्या, पण सोमवारी नाही, जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. वेळेचं तिकीट आधीच काढा. मठाचं काम १५०१ मध्ये सुरू झालं आणि खर्चाचा मोठा भाग मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून आला, म्हणजे मिरी आपल्याकडची आणि नक्षी त्यांची. दगडात दोरखंड, गाठी, सागरी वेली कोरल्यात. आत शिरल्यावर वास्को द गामाच्या थडग्याशी सगळे थांबतात. तो १५२४ मध्ये कोचीला मेला, नंतर अस्थी पोर्तुगालला नेल्या, इथे आल्या १८८० मध्ये. तुम्ही थेट पुढे वेदीजवळ जा. तिथे राजाराण्यांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. हत्ती अगदी आपले वाटतात, चेहरा थोडा दमलेला. नदीकाठच्या बेलें बुरुजावर बाहेरून खाली एका कोपऱ्यात गेंड्याचं झिजलेलं डोकं शोधा. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोचला होता, त्याची ती आठवण सांगतात. दर्यावर्दींचं ते उंच पांढरं स्मारक दगडात उभं राहिलं १९६० मध्ये, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा गेला. लांबून पाहिलं तरी चालेल.

मठाशेजारच्या दुकानात १८३७ पासून पाश्तैश द बेलें मिळतात, अंड्याच्या पिवळ्या बलकाची कस्टर्ड भरलेली पापुद्र्यांची टार्ट. मठांत कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, उरलेल्या बलकाचं काय करायचं म्हणून अशी गोडं निघाली असं सांगतात. बाहेरची रांग घरी बांधून नेणाऱ्यांची असते. आत शिरलात की एकामागून एक दालनं आहेत, टेबल मिळतं. दालचिनी भुरभुरा, गरम असतानाच खा. पहिला चावा घेताना पापुद्रे शर्टावर सांडतात, त्याला इलाज नाही. गावात इतरत्र याच चिजेला पाश्तेल द नाता म्हणतात, आणि खरं सांगू? काही गल्लीतले नाता मला जास्त आवडले.

आता तुमच्या जेवणाची काळजी. "शाकाहारी" म्हटल्यावर ट्यूना आणून ठेवणारे लोक आहेत, म्हणून मांस, मासे, सॉसेज नको, असं वेगवेगळं सांगा. काल्दु व्हेर्द हे सूप बटाटा आणि बारीक चिरलेल्या कोबीवर्गीय पानांचं असतं, पण वर सॉसेजची चकती तरंगते. "सें शोरिसु" म्हणा, म्हणजे सॉसेजशिवाय. तरी रश्शासाठी हाडांचं पाणी वापरलंय का ते विचारून घ्या. नावं ऐकाल तर घरचीच वाटतील: बटाट्याला बटाटाच, आणि त्या पानाला कोव, ज्यावरून आपली कोबी आली. पैशिन्युश द ओर्ता नक्की मागवा. शब्दशः अर्थ "मळ्यातले छोटे मासे", प्रत्यक्षात फरसबीची भजी! जेझुइट पाद्र्यांनी हीच तऱ्हा जपानला नेली आणि तिथे तिचा टेंपुरा झाला. आणि असोर्दा. लसूण, मीठ, भरपूर कोथिंबीर कुटून भांड्याच्या तळाशी, त्यावर ऑलिव्ह तेल आणि उकळतं पाणी, मग शिळ्या पावाचे तुकडे, वर अलगद शिजवलेलं अंडं. बायकोने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हा तर काला." कोथिंबीर अशी मूठभर घालणारे युरोपात मी तरी दुसरे पाहिले नाहीत. फक्त पाणी माशाचं नाही ना, एवढं विचारा.

मिस्टरांना बाकाल्याउ आ ब्राश द्या. खारवलेला कॉड भिजवून, उलगडून, सळ्यांसारखा बारीक तळलेला बटाटा आणि अंड्यात परतलेला. आपल्या सुक्या मासळीसारखा वास नसतो. त्यांचा हा राष्ट्रीय मासा येतो मात्र थेट उत्तरेकडून, नॉर्वेकडून. तिसऱ्या आवडत असतील तर लसूण-कोथिंबिरीच्या पांढऱ्या रश्श्यातल्या मागवा, आणि पाव त्या रश्श्यासाठी राखून ठेवा. बिफाना म्हणजे पावात डुकराचं मांस, चालत असेल तरच. सार्डीनचा खरा हंगाम उन्हाळ्याचा, जूनपासूनचा, ऑक्टोबरात हट्ट धरू नका. त्या दिवसांत रस्त्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागायला लागतात, धुरावरून सापडतात.

दुपारचं जेवण ताश्कात घ्या, म्हणजे आपल्या खानावळीसारख्या छोट्या जागेत. कागदी टेबलक्लॉथ, फळ्यावर हाताने लिहिलेलं "प्रातु दु दिया", त्या दिवसाचं ताट. "मैया दोज" म्हणजे अर्धा भाग, तो एकाला पोटभर होतो. बसताक्षणी पाव, ऑलिव्ह, कधी चीज समोर येईल. फुकट नाही ते. पहिल्या दिवशी आम्ही केवढे अगत्यशील लोक म्हणत चीजचा फडशा पाडला, आणि बिलात अगत्याची किंमत आली. नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणी रागावत नाही.

संध्याकाळी फादू, म्हणजे त्यांची विरहाची गाणी ऐका, पण तीन पदार्थांच्या महागड्या जेवणासकट विकतात ते टाळून अल्फामा किंवा मौरारियातली छोटी जागा शोधा. दिवे मंदावतात, वाढपी ट्रे घेऊन जागच्या जागी थांबतो, बारा तारांची पोर्तुगीज गिटार सुरू होते. गाणं चालू असताना काटा-चमचाही वाजवायचा नाही. शब्द कळत नाहीत, तरी बायकोचे डोळे भरून आले होते. मी तिला कारण विचारलं नाही.

एक संध्याकाळ काइश दु सोद्रे धक्क्यावरून बोटीने पलीकडे काशिल्याशला जा. दहा मिनिटांचा प्रवास, मेट्रोचंच कार्ड चालतं. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साधारण सातला मावळतो, तेव्हा तेजू नदीच्या त्या काठावरून अख्खं शहर समोर दिसतं. तुमचा पंचविसावा साजरा करायला मी हीच जागा निवडेन.

सिंत्रा या जवळच्या राजवाड्यांच्या गावाला एक दिवस, रोसियू स्टेशनहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत. डोंगरावरचा रंगीत पेना राजवाडा चढाचा आणि गर्दीचा, त्याला वेळेचं तिकीट लागतं. गुडघा रुसला तर गावातलाच जुना राजवाडा बघा, दोन प्रचंड पांढऱ्या धुराड्यांचा. ती स्वयंपाकघराची आहेत, आणि आत उभं राहून वर बघितलं की किती जणांचा स्वयंपाक होत असेल याचा अंदाज येतो.

१७५५ च्या १ नोव्हेंबरच्या भूकंपाबद्दल वाचून जा, म्हणजे बाइशाचे रस्ते एवढे सरळ का आणि शियादूजवळच्या कार्मू चर्चला छप्पर का नाही ते कळेल.

राहायला अल्फामाच्या गल्लीत नको, फोटोत कितीही सुंदर असू दे. मेट्रोजवळ, बाइशात घ्या. शहराचा पर्यटन कर माणशी रात्रीला ४ युरो आहे, तो वेगळा धरा. आणि लिफ्ट आहे का ते बुकिंगआधी लेखी विचारा. आमचं पहिलं घर अल्फामात होतं. पहिल्याच सकाळी सिंकखालचा नळ गळायला लागला. म्हातारी मालकीण धावत आली, पाण्याकडे बोट दाखवून "बाल्द! बाल्द!" ओरडली, आणि बायको न्हाणीघरातून बालदी घेऊन हजर. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग साबणाला सबाऊं, चावीला शाव, असा सकाळभर खेळ चालला. घर गोड होतं, पण चौथ्या मजल्यावर, लाकडी जिन्याचं. तुम्ही ते घेऊ नका.