पानामागे एक डॉलर

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा तिसरीत. गणिताच्या वर्कशीटला कंटाळा करायचा, म्हणून पानामागे एक डॉलर ठरवला. सुरुवातीला गाडी सुसाट. आता गोष्टीचं पुस्तक पुढे केलं तरी विचारतो, "याचे किती?" हाच मुलगा पूर्वी सीरियलच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा सोडायचा नाही.

ताई, मुलगा लोभी झालेला नाही. भाव तुम्ही लावलात, तो चौकशी करतोय.

मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत नेमकं हेच तपासलं. निबंध 1973 सालचा. चित्रांची मुळातच आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. पुढे वर्गात मार्कर नुसते मोकळे ठेवले, तेव्हा ठरवून बक्षीस घेतलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रात रमली. अवचित प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. घात केला तो सौद्याने.

तेव्हा डॉलर बंद करा, पण गुपचूप नको. थकलेले आधी चुकते करा, मग सांगा: पैसे संपले, आता आधी कुठलं पान आणि किती वाजता, हे तू ठरव. काही दिवस तो काहीच करणार नाही. तेवढं सोसा. त्या दिवसांत "बघ, शेजारचा..." हे वाक्य तोंडातून गेलं, तर सगळं मुसळ केरात.

आजी व्हिडिओ कॉलवर "कितवा नंबर आला?" विचारतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्याच्या शाळेत नंबरच काढत नाहीत, पोरगं काय सांगणार? आजींना दुरुस्त करत बसू नका, काम द्या. त्यानं वाचलेली इंग्रजी गोष्ट त्यांना मराठीत सांगायची. श्रोता खरा हवा आणि आजींना ती गोष्ट खरंच माहीत नसते.

"माझंही गणित कच्चंच, तरी रोज घेऊन बसते" या वाक्यापाशी मी थबकले. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांना 2015 च्या अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांबाबत आढळलं, की गणिताची धास्ती असलेले पालक वारंवार गृहपाठ घेत, तिथे मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि धास्तीही वाढली. गणित मिस्टरांकडे सोपवा.

मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे: "इथल्यांसारखं सगळं मुलांवर सोडायचं का?" नाही. शीना अय्यंगार आणि लेपर यांनी 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या 7 ते 9 वर्षांच्या मुलांना शब्दकोडी दिली. गोऱ्या अमेरिकन मुलांनी स्वतः निवडलेली कोडी सर्वांत जास्त सोडवली. घरी चिनी किंवा जपानी बोलणाऱ्या मुलांनी आईनं निवडलीत असं सांगितलेली. त्यात मराठी मुलं नव्हती, म्हणून जपून म्हणते. पण आईची निवड मुलाला आपलीशी वाटू शकते. रविवारची मराठी शाळा खुशाल तुम्ही निवडा. मात्र परतताना गाडीत त्याच्याशी इंग्रजीतच बोलत असाल, तर शाळेचं तुम्हाला कितपत पडलंय ते त्याला बरोबर कळतं.