भरताची पैज आणि लाल रेघा

प्रश्न : राम राम भाऊ, मी पाचोऱ्याकडचा, आमच्या विकास सोसायटीच्या नोटिसा लिब्रे ऑफिसमध्ये मीच टाईप करतो. मराठी लिहिलं की पानभर लाल रेघा. आमचे रिटायर गुरुजी म्हणतात तुझं शुद्धलेखन कच्चं, मी म्हणतो कॉम्प्युटरलाच मराठी येत नाही. भरीत पार्टीची पैज लागलीये. एफ-वन दाबून हेल्प वाचली, डोक्यावरून गेली. नोटिशीचा फोटो पाठवतोय, भरीत कोणी खिलवायचं सांगा.

उत्तर : राम राम भाऊ! फोटो नीट पाहिला. 'सभा', 'कार्यालय' यांच्याखाली रेघ नाहीये, पण साध्या 'आहे'खाली आहे, तिथेच सापडलं, तुमची भाषा हिंदीवर सेट आहे. टूल्स, लँग्वेज, फॉर ऑल टेक्स्ट असं जाऊन मराठी निवडा, मराठी डिक्शनरी नसेल तर ती एक्स्टेन्शन म्हणून टाका, मग एफ-सेव्हन दाबा. तरी काही रेघा राहतीलच, कारण आपल्याकडे एका शब्दाला 'बाजारातल्यापेक्षा'सारखी शेपटं लागत जातात आणि यादीत तेवढी सगळी रूपं नसतात. (आतलं हन्स्पेल, म्हणजे शब्द तपासणारा प्रोग्राम, मुळात हंगेरियनसाठी बनलं, त्या भाषेतही प्रत्यय असेच चिकटतात, म्हणून ते शब्दांची यादी वेगळी आणि प्रत्ययांचे नियम वेगळे ठेवतं.) अहिराणी शब्दावर रेघ आली तर राइट क्लिक करून बिनधास्त डिक्शनरीत ॲड करा, आपली बोली काही चूक नाहीये! फक्त चुकीचा शब्द ॲड करू नका, तो परत कधी पकडला जाणार नाही.

आता गुरुजींची बाजू. नोटिशीत तुम्ही 'महाराष्ट्र दीन' लिहिलंय आणि त्याच्याखाली रेघ नाही. 'दीन' म्हणजे गरीब, शब्द खरा आहे म्हणून कॉम्प्युटर गप्प बसला, अशी चूक माणूसच पकडतो, तेव्हा नोटीस लावायच्या आधी गुरुजींना दाखवत जा. वांगी गुरुजींची, कळण्याच्या भाकरी तुमच्या.

हेल्पचं म्हणाल तर ती पोथीसारखी पहिल्या पानापासून वाचायची नसते. शेजारी तुमची फाईल उघडी ठेवा, एक वाक्य वाचा, तेवढंच क्लिक करा, मग पुढचं. नुसतं एखादं बटण कशाचं ते बघायचं असेल तर शिफ्ट आणि एफ-वन दाबून त्यावर माऊस न्या, थोडक्यात माहिती तिथेच येते, मला तर हेच जास्त आवडतं.

प्रश्न : माझ्या जुन्या कृतिदेवच्या फाईलमध्ये स्पेलचेक चालत का नाही? (नंदुरबारहून एक ताई)

उत्तर : ताई, त्या फाँटमध्ये दिसतं देवनागरी पण आत साठतात इंग्रजी अक्षरं, स्पेलचेकला मराठी दिसतच नाही. कन्व्हर्टरने युनिकोड (म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरं) करून घ्या, मूळ फाईलची कॉपी मात्र ठेवा, आणि जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्याखालून घाला, बदलताना तेच जास्त बिघडतात.