टॉर्क, पीळ आणि टकळी

प्रश्न असा: गोल्फच्या काठीच्या (क्लबच्या) दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या माहितीत 'टॉर्क ४.५ अंश' लिहिलेलं असतं, त्याला मराठीत काय म्हणावं? आणि टॉर्क जास्त असला की चेंडू लांब जातो ना?

नाही जात! 'टॉर्क जास्त म्हणजे जोर जास्त' हे मोटारसायकलचं गणित गोल्फला लावणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, तो कधी अंशांत मोजतात का? शाफ्टचं एक टोक पकडीत आवळायचं, दुसऱ्याला साधारण १ फूट-पाउंड जोर लावून पिळायचं. तो जितके अंश फिरला तो हा आकडा. म्हणजे मोठा आकडा हा शाफ्टचा सैलपणा. पोलादी शाफ्ट २-३ अंशांवर थांबतो, ग्राफाइटचा ५-६ पर्यंतही जातो. क्लबच्या डोक्याचं वजन शाफ्टच्या रेषेपासून बाजूला असतं, म्हणून स्विंगमध्येच, म्हणजे क्लब फिरवतानाच, शाफ्ट पिळला जातो आणि चेंडूपाशी येताना क्लबच्या तोंडाची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूची, दिशा थोडी हलू शकते. प्रत्यक्ष टक्कर अर्ध्या मिलिसेकंदाची, तेवढ्यात शाफ्ट काय सावरणार!

मराठी शब्द? पीळ. 'बलाघूर्ण' हा टॉर्कचा पुस्तकी प्रतिशब्द इथे सुचवणाऱ्या पंडितांनी आधी हे सांगावं की अंशांत मोजलेल्या गोष्टीत बल आलं कुठून.

आणि पीळ किती नेमका बसतो बघा. संस्कृत 'पीड्' म्हणजे दाबणे, पिळणे. त्यातून पीडा जशीच्या तशी आली आणि पिळणे प्राकृतातून झिजून आलं. तिकडे लॅटिन 'टॉर्क्वेरे' म्हणजेही पिळणे. त्यातून १८८४ साली यंत्रशास्त्रासाठी टॉर्क छापला गेला, टॉर्चर आधीपासून होताच. दोन्ही घरांत पीळ आणि पीडा सख्खी भावंडं!

खरी गंमत पुढे आहे. टॉर्क्वेरेचा संस्कृतातला नातलग 'तर्कु', म्हणजे सूत कातायची चाती. आपली टकळी त्याच घरातली. तोंडाची टकळी चालवणारा माणूस शब्दांना पीळच भरत असतो की! माझ्या मते 'तर्क'ही इथलाच, डोक्यात कातलेलं सूत. एक व्युत्पत्तिप्रेमी मित्र याला ओढूनताणून म्हणतो. ओढल्याशिवाय सूत कधी निघालंय?

हां, तुमचा ४.५ चा शाफ्ट. मधला पीळ आहे. सावकाश स्विंग करत असाल तर हाताला मऊ लागेल. जोरात फिरवणारे बहुधा ३ च्या आसपासचा मागतात.