तिच्या वाट्याचा संवाद

प्रिय मित्रा,

तुझ्या नशेच्या दिवसांच्या आठवणींची चारही प्रकरणं वाचली. पुडी, नशा ओढायची पन्नी, टर्कीतली म्हणजे नशा न मिळाल्यानं तडफडण्याची रात्र, हवालदाराची अरेरावी, सगळं झकास उतरलंय. बायका मात्र तीनच. रडणारी आई, सोडून गेलेली मैत्रीण आणि बारमधली 'ती'. तिघींना मिळून एक धड संवाद नाही.

अमेरिकन लेखक विल्यम बरोजचं 'जंकी' मिळव, त्याच्या स्वतःच्या नशेवर बेतलेलं. 1953 साली ते 'विल्यम ली' या टोपणनावानं आलं. न्यूयॉर्कच्या सबवेत झिंगलेल्यांचे खिसे कसे साफ करतात, तेही त्यात बारकाव्यानिशी आहे. निवेदकाची बायको मात्र मधेच कुठून तरी उगवते, तीही बिननावाची. मेक्सिको सिटीत तो परत डोस उकळायला बसतो तेव्हा ती चमचा हिसकावून माल जमिनीवर फेकते. तो तिला दोन थोबाडीत देतो. ती रडते, मग विचारते, तुला काहीच करायचं नाहीये का? ही सवय लागली की तू किती कंटाळतोस, सगळे दिवे गेल्यासारखं होतं. मला विचारशील तर पुस्तकातलं नशेबद्दलचं सगळ्यात नेमकं बोलणं हेच.

शेवटाकडे तो सांगतो, मी आणि बायको वेगळे झालोय. प्रत्यक्षात पुस्तक छापून आलं तेव्हा बरोजची बायको जिवंतच नव्हती. 6 सप्टेंबर 1951 ला मेक्सिको सिटीत, दारूच्या बैठकीत, त्याच्याच पिस्तुलाच्या गोळीनं ती गेली. नाव जोन व्होल्मर. बर्नार्ड कॉलेजात शिकलेली. तिच्या न्यूयॉर्कच्या घरी गिन्सबर्ग, केरुॲक या लेखकांचा अड्डा असायचा. ती स्वतः बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाच्या आहारी गेली होती. पुढे 1985 मध्ये बरोजनं आपल्या 'क्विअर' कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहिलं, की तिच्या मृत्यूशिवाय आपण लेखक झालोच नसतो. म्हणजे तिथेही गोष्ट त्याचीच!

तू आईपाशी बस. तू विकलेल्या पाटल्यांबद्दल तिनं घरात काय सांगितलं, जामिनाचे पैसे भिशीतून काढले की मामाकडून, शेजारणींना कशी टाळायची, सगळं विचार. तिला राग आला असेल तर तोही येऊ दे. नुसते अश्रू नकोत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्ये व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे; त्यांची हरकत नसेल तर एकदा ऐकून ये.

बारमधल्या मुलीबद्दल खरंच काही ठाऊक नसेल तर तसं सरळ लिही. 2005 च्या डान्सबार बंदीनंतर ती कुठे गेली, हे तू विचारलंच नव्हतंस, एवढं लिहिलंस तरी चालेल. मनानं सोन्यासारखी वगैरे करून टाकू नकोस.

मैत्रिणीचं प्रकरण मात्र मला पाठवण्याआधी तिला वाचायला दे. नको म्हणाली तर काढून टाक.

तुझा,
काका