पासे घेताना कंबर बाहेर जाते, टक करून उपयोग नाही

अगं, तू लिहिलंयस की बॅलेच्या क्लासमध्ये बारला (धरायच्या दांड्याला) सगळं नीट जमतं, पण सेंटरला (दांडा सोडून मधोमध) आलं की डाव्या पायावर पासे घेताना, म्हणजे उजवा गुडघा वाकवून त्या पायाची बोटं डाव्या गुडघ्याशी आणताना, डावी कंबर बाहेर पडते, टीचर म्हणतात पेल्विस (कमरेचा हाडांचा सांगाडा) सरळ ठेव, मग तू ढुंगण आवळून आत घेतेस, म्हणजे टक करतेस, आणि तरी डगमगतेसच. ते आवळणं आधी सोड बाई. मी पस्तिशीत बॅले सुरू केलं आणि पहिली दोन वर्षं हेच करत होते, तेव्हाच्या टीचरच तसं सांगायच्या. मिळालं काय, तर मांडीच्या सांध्यात पुढून चिमटा बसल्यासारखं दुखणं आणि कधीच पूर्ण सरळ न होणारे गुडघे.

टक केल्याने पेल्विस मागून-पुढे हलतो, तुझा प्रॉब्लेम आहे डावी-उजवीकडचा. एका पायावर उभं राहिलं की उचललेल्या पायाकडची बाजू खाली लोंबायला बघते, ती वर धरून ठेवतो उभ्या पायाच्या कुल्ह्याच्या बाजूचा ग्लुट मीडियस हा स्नायू. तो दमला किंवा जागाच झाला नाही की आपण कुल्ह्यावर 'बसतो', बस स्टॉपवर उभं राहिल्यासारखं. आणि काही जणींचं उलटं असतं, गुडघा वर दिसावा म्हणून उचललेल्या पायाची कंबरच वर ओढतात. तुझं कुठलं ते बघायला कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर बोटं ठेव आणि आरशासमोर पासे घे, लगेच कळतं.

आता टर्नआऊट, म्हणजे मांडीच्या सांध्यातून पाय बाहेर फिरवणं. पाचव्या पोझिशनमध्ये (एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, आडवं चिकटून) पावलं तू जमिनीला चिकटवून जबरदस्तीने फिरवत असशील तर बाकी सगळं फुकट. पार्श्वभाग मागे काढला की सांध्याच्या पुढचं लिगामेंट सैल पडतं आणि टर्नआऊट जास्त मिळाल्यासारखा वाटतो, म्हणून सगळे तिथेच फसतात. एका बाजूला पूर्ण 90 अंश असणारे फार क्वचित. एका पायावर उभी राहून जेवढा टिकतो तेवढाच तुझा टर्नआऊट, पाऊल तेवढंच उघड, दिसायला कमी दिसलं तरी चालेल.

घरी काय करायचं, तर जिन्याच्या पायरीवर कडेला डाव्या पायावर उभी राहा, उजवा पाय हवेत, पावलं पॅरलल, डावा गुडघा न वाकवता उजवी कंबर थोडी खाली सोड आणि परत वर घे. सावकाश 10-12 वेळा, भिंतीला एक बोट लावून. दुसऱ्या दिवशी कुल्ह्याच्या बाजूला दुखलं तर बरोबर जागी लागलं, कमरेत पाठीमागे दुखलं तर चुकतंय.

बारला मात्र एकच गोष्ट बघ, पाय जमिनीवरून सुटायच्या आधी वजन सरकलंय का. सेकंडला तांदू कर (पाय ताणून बाजूला सरकव, बोटं जमिनीवरच) आणि बारवरचा हात उचल. पडलीस तर वजन अजून मध्येच होतं आणि इतके दिवस बारच तुला धरून होता! अंगठ्याखालचा गड्डा, करंगळीखालचा आणि टाच, तिन्हीवर वजन हवं, पाऊल आत कोसळलं की गुडघा आत जातो आणि मागोमाग कंबर. सेकंड पोझिशनमधून (पाय बाजूला फाकवलेले) थेट पासे घेणं सगळ्यात अवघड, वजन लांबून आणावं लागतं, ते सध्या राहू दे. रेलेवेसुद्धा (टाच उचलून उभं राहणं). फ्लॅटवर, म्हणजे पूर्ण पाऊल टेकून, आठ काउंट टिकलं की मग बघू.

आराबेस्कला (एक पाय मागे ताणून उचलतात ते) हे नियम लावू नकोस हं, तिथे पाय उंच गेला की पेल्विस पुढे झुकतोच, झुकायलाच हवा.

आणि पुढून चिमटा बसत असेल तर व्यायाम थांबवून फिजिओला दाखव. उजव्या पायावर उभी असतानाही असंच होतं का, की फक्त डाव्यावर? ते लिही.